गलाईवाल्यांचं सिरम

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यात नात्यात एकही गलाईवाला नाही असं घर सापडणं अवघड. दुष्काळी मुलूख, शेतीवर भागेना, म्हणून माणसं सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली आणि तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरली. आमच्या भावकीतली बरीच घरं ओडिशात आहेत, त्यातली काही कोरापुट आणि रायगडा भागात. दक्षिण ओडिशातले हे डोंगराळ जिल्हे हिवतापासाठी देशभर ओळखले जातात. त्यातही तिथं फाल्सिपेरम जास्त, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा, जिवावर बेतणारा प्रकार. गावाकडं मात्र आम्ही हिवताप फक्त आरोग्य खात्याच्या भिंतीवरल्या घोषणांत पाहिलेला.

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करताना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत होते, तेव्हा सरांना हे बोलता बोलता सांगितलं. ते म्हणाले, "मग तुझ्या गावातच दोन गट तयार आहेत की. एकाच रक्ताची माणसं, निम्मी डासांच्या तोंडी राहिलेली आणि निम्मी नाही. त्यांच्या सिरममध्ये काय फरक दिसतो ते बघ." नमुने थोडे, खर्च बेताचा, विद्यार्थ्याला झेपेल एवढंच काम. त्यातून जगाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. तपासणी नीट करायला शिकायचं, एवढाच हेतू.

नैतिकता समितीची मंजुरी मिळायला वेळ गेला. मात्र तिथल्या एका बाईंनी माझ्या संमतीपत्रातलं एक वाक्य तीनदा बदलायला लावलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. शेवटी ते असं झालं: "या तपासणीतून तुम्हाला हिवताप होईल की नाही हे सांगता येणार नाही." तेव्हा मला वाटलं, इतकं स्पष्ट लिहिलं तर रक्त देणार कोण? पुढं या एका वाक्यावरच सगळं अडलं आणि सुटलंही.

गलाईवाले गावी येतात ते दिवाळीला, लग्नसराईत नाहीतर जत्रेला. आम्ही जत्रा धरली. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीनं उपकेंद्रात एक खोली मिळाली, रक्त काढायला सांगलीहून एक अनुभवी टेक्निशियन दादा आले. प्रत्येकी पाच मिली, लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं औषध असतं, आम्हाला ते नको होतं. सिरम हवं तर रक्त गोठलंच पाहिजे. अर्धा-पाऊण तास ट्यूब हलवायची नाही, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. खाली घट्ट लाल गोळा बसतो, वर फिकट पिवळं पाणी येतं. तेच सिरम. आजवर शरीरानं कुणाकुणाशी दोन हात केले त्याच्या अँटीबॉडी त्यात असतात.

दुसऱ्या दिवशी भलतीच अडचण. जत्रेचा पहिला दिवस गोड्या नैवेद्याचा, दुसरा खाऱ्याचा. खाऱ्यानंतर दुपारी आलेल्या मंडळींचं सिरम फिरवून बघितलं तर पांढुरकं, दुधाळ. रश्श्यावरची सगळी तर्री रक्तात उतरलेली. असं चरबीयुक्त सिरम यंत्रावर वाचताना घोळ घालतं. टेक्निशियन दादा हसून म्हणाले, "ताई, उद्या सकाळी सगळ्यांना उपाशीपोटी बोलवा, नाहीतर तुमच्या प्रबंधात मटणच मोजलं जाईल." बोलावलं. बहुतेक आले. जे आले नाहीत त्यांचे नमुने बाजूला ठेवले.

प्रश्नावलीत गोळ्यांबद्दल विचारायचं होतं. गेल्या दोन महिन्यांत हिवतापाच्या गोळ्या घेतल्या का, कुठल्या, किती. ओडिशातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत एखादी पट्टी होती. ताप आला की दुकानातून आणायची, दोन दिवस खायची आणि बरं वाटलं की ठेवून द्यायची. मी हे लिहून घेत होते ते पुढच्या एका तपासणीसाठी, पण ऐकताना अंगावर काटा येत होता. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स पुरा करावा लागतो. पुरा केलाय असं सांगणारं मला फारसं कुणी भेटलं नाही.

आमच्या नात्यातल्या एका अण्णांनी रक्त देताना मला समजावलं, "आगं, मला धा येळा झालाय थंडीताप. आता रगतात मुरलाय. न्हाई हुत आता काय." यावर सगळी खोली हसली. पण अण्णा अगदीच चूक बोलत नव्हते. वर्षानुवर्षं हिवतापाच्या मुलखात राहून, पुन्हा पुन्हा आजारी पडून शरीराला एक प्रकारची सवय होते. परजीवी रक्तात शिरतात, पण थोडेच राहतात, ताप येत नाही किंवा हलकाच येतो. लहान मुलं दगावतात तिथं मोठी माणसं कामावर जातात ती यामुळं. पण हे संरक्षण अर्धवट असतं. परजीवी पूर्ण हटत नाहीत, आणि तो मुलूख काही वर्षं सोडला की हेही ओसरतं.

हे किती खरं आहे ते त्याच आठवड्यात दिसलं. उपकेंद्राचे आरोग्यसेवक बाहेरगावाहून आलेल्यांच्या काचपट्ट्या घेतातच, तसं आमच्या गटातल्यांच्याही घेतल्या. बोटाला टोचून रक्ताचा थेंब, जाड आणि पातळ फिल्म, जेएसबी रंग, सूक्ष्मदर्शक. एका तरुणाच्या पट्टीत फाल्सिपेरम निघाला. तो ठणठणीत होता, आदल्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन नाचला होता. त्याला उपचार सुरू झाले आणि घरच्यांचीही तपासणी झाली. त्याला ताप नसला तरी चावलेला डास त्याच्याकडून परजीवी उचलू शकतो. शंभर माणसांचं सिरम तपासूनही मला हे कळलं नसतं. रक्तात आत्ता परजीवी आहे का, हे काचपट्टी सांगते किंवा रॅपिड किट. शरीराची पूर्वी त्याच्याशी गाठ पडली होती का, हे सिरम सांगतं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि गावात कुणालाही ते वेगळे वाटत नव्हते. खरं सांगायचं तर आमच्या वर्गातही सगळ्यांना वाटत नव्हते.

आता दुसऱ्या गटाचं, म्हणजे ज्यांच्या सिरममध्ये काही निघायला नको अशांचं. तालुका कधी सोडला नाही असा माणूस शोधणं हे आमच्या भागात केवढं कठीण आहे ते मला तेव्हा कळलं. पोरगा फौजेत, मुलगी मुंबईला, सासरा कधीकाळी कलकत्त्याला. मुंबईत राहून आलेलेही चालणार नव्हते, कारण तिथंही हिवताप आहेच. साठीच्या पुढची माणसंही सरांनी नको म्हटलं. देशात १९६१ च्या सुमारास हिवतापाचे वर्षाचे रुग्ण पन्नास हजारांच्या घरात आले होते, ते १९७६ साली ६४ लाखांवर गेले. त्या लाटेत बालपणी कुणाला काय झालं होतं ते त्यांनाही आठवत नसणार. अखेर कॉलेजातली पोरं-पोरी आणि काही तरुण शेतकरी मिळाले.

सिरम छोट्या नळ्यांत भागून, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये घालून तासगावमार्गे एसटीनं सांगलीला आणलं. कंडक्टरनी पेटीचं तिकीट मागितलं. आत काय आहे ते सांगितल्यावर त्यांनी ते मागं घेतलं आणि स्वतःच्या सीटखाली जागा करून दिली. लॅबमध्ये नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. हा फ्रीजर वरच्या मजल्यावर आहे. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत असल्या वस्तू तळमजल्यावर ठेवायला कुणी धजत नाही. एकाच नळीला पुन्हा पुन्हा वितळवलं-गोठवलं तर अँटीबॉडी खराब होतात, म्हणून आधीच भाग पाडून ठेवायचे. प्रत्येक नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक.

तपासणी एलायझाची, म्हणजे सिरममधल्या अँटीबॉडी रंगावरून मोजायची. शहाण्णव खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट. प्रत्येक खळग्याच्या तळाला परजीवीचं एक प्रथिन चिकटवायचं, रात्रभर चार अंशांवर ठेवून. आम्ही घेतलं होतं एमएसपी-१ या प्रथिनाचं एकोणीस किलोडाल्टनचं टोक. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, तिथं वाढून हजारोंच्या संख्येनं रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशीत घुसतो. घुसण्याच्या वेळी त्याच्या अंगावरचं हे प्रथिन तुटतं, पण एवढं टोक तो आत घेऊन जातो. त्यामुळं या टोकाला पकडणाऱ्या अँटीबॉडी महत्त्वाच्या मानल्या जातात.

दुसऱ्या दिवशी प्लेट धुवायची आणि मोकळी राहिलेली जागा बुजवायची, नाहीतर सिरममधलं काहीही येऊन तिथं चिकटतं. त्यासाठी आमच्याकडं साय काढलेल्या दुधाची पावडर वापरतात. कृष्णाकाठी एवढं दूध असताना ही पावडर मात्र परदेशी कंपनीची, सीलबंद डब्यातली आणि सोन्याच्या भावाची. मग सिरम शंभर पट, दोनशे पट पातळ करून प्रत्येक नमुना दोन-दोन खळग्यांत. तासभर थांबायचं. पुन्हा धुवायचं. मग माणसाच्या आयजीजी अँटीबॉडीला धरणारी दुसरी अँटीबॉडी, जिला एक एन्झाइम जोडलेलं असतं. पुन्हा धुवायचं. मग टीएमबी, म्हणजे त्या एन्झाइममुळं रंग देणारं रसायन.

धुण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण या तपासणीचा जीव तिथं आहे आणि पुस्तकात त्याला एक ओळ मिळते. ट्वीन नावाचा सौम्य साबण घातलेलं बफर भरायचं, क्षणभर थांबायचं, प्लेट उलटी करून झटक्यात रिकामी करायची आणि टिश्यू पेपरच्या थरावर आपटायची. हळू आपटलं तर थेंब राहतो, जोरात आपटलं तर चिकटलेलंही सुटतं. लॅबमधल्या मावशी, ज्या काचसामान धुतात, त्यांनी माझं आपटणं दोन दिवस ऐकलं आणि म्हणाल्या, "सगळ्या बाजूंनी सारखा आवाज यायला पायजे." त्यांनी कधी एलायझा केलेलं नाही. पण त्यांचं बरोबर होतं.

टीएमबी घातलं की रंग येतो. अँटीबॉडी असेल तिथं निळा, जास्त असेल तर गडद, नसेल तिथं पाणीच. ठरलेल्या वेळी सल्फ्युरिक ॲसिड घालून थांबवलं की निळ्याचा पिवळा होतो आणि यंत्र तो ४५० नॅनोमीटरवर वाचतं. जो आकडा येतो तो ओडी, म्हणजे रंग किती गडद त्याचं माप. तो नुसता बघून उपयोग नाही. कुठल्या आकड्याच्या वर 'आहे' म्हणायचं हे आपणच ठरवायचं असतं: तालुका न सोडलेल्यांची सरासरी घ्यायची आणि तिच्यात तीन प्रमाणविचलनं (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) मिळवायची. म्हणजे 'नाही'वाले नीट निवडलेले नसतील तर सगळी रेघच वर सरकते. शिवाय एका बाजूला संदर्भ सिरम लागतं. सरांनी ब्रिटनच्या एनआयबीएससी संस्थेकडून मागवलेली, १०/१९८ क्रमांकाची कोरडी पूड जपून ठेवली होती. केनियातल्या प्रौढांच्या रक्तातून ती बनवलेली आहे. सांगलीतल्या प्लेटच्या एका कोपऱ्यात केनिया आणि उरलेल्या जागेत रायगड्याहून आलेले आमचे विट्याचे लोक, हे बघून मला उगाच भरून आलं.

प्लेट रंगली तेव्हा फरक डोळ्यांनीच दिसत होता. कधीच बाहेर न गेलेल्यांच्या रांगा जवळजवळ पाण्यासारख्या, ओडिशातल्यांच्या पिवळ्या. गलाई सोडून बऱ्याच वर्षांपूर्वी गावी परतलेल्यांच्या मधल्याच, फिकट. अण्णांचा खळगा गडद. पालखी नाचवलेल्या त्या तरुणाचाही गडद. तालुका न सोडलेल्या एका शेतकऱ्याच्या खळग्यात मात्र अनपेक्षित रंग आला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. चौकशीअंती कळलं, लहानपणी दोन वर्षं मावशीकडं जगदलपूरला होता, छत्तीसगडातल्या हिवतापाच्याच मुलखात. "त्यात काय सांगायचं," म्हणाला.

इथवर आले आणि मला वाटलं, झालं. सर म्हणाले, झालं काहीच नाही. अँटीबॉडी आहे म्हणजे गाठ पडली होती. पण ती अँटीबॉडी परजीवीला अडवते का? फडात किती पैलवान उतरलेत हे एलायझा मोजतं, कुस्ती कोण मारणार ते नाही.

अँटीबॉडी अडवू शकतात हे मात्र पक्कं आहे. १९६१ साली कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडी असलेला भाग, वेगळं काढून गांबियातल्या हिवताप झालेल्या मुलांना दिलं आणि त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं घटले. पुढं आफ्रिकी प्रौढांचं आयजीजी थायलंडच्या रुग्णांना देऊनही तसाच परिणाम दिसला, ते काम १९९१ सालचं. म्हणजे रक्तात काहीतरी आहे. नेमकं काय आणि किती लागतं, यावर अजून वाद आहेत.

ते मोजण्याची एक तपासणी म्हणजे जिवंत परजीवी वाढवून त्यांच्यावर सिरम घालून बघणं. आमच्याकडं ती सोय नव्हती. निवडक नमुने घेऊन मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काही दिवस शिकायला गेले. फाल्सिपेरमला प्रयोगशाळेत सतत वाढवता येतं ते ट्रेगर आणि जेन्सन यांच्यामुळं, १९७६ पासून. त्यांची युक्ती फार साधी: काचेच्या बंद भांड्यात मेणबत्ती पेटवायची, ती विझली की आत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. परजीवीला तेच मानवतं. आता तयार वायूचं सिलिंडर असतं, पण तिथल्या ताईंनी मला मेणबत्तीचंही भांडं दाखवलं. परजीवी ३डी७ जातीचा, जगभरच्या लॅबमध्ये वापरला जाणारा. त्याचं मूळ नेदरलँड्समधल्या एका रुग्णाच्या रक्तात आहे, जो विमानतळाजवळ राहायचा आणि देशाबाहेर गेलेला नव्हता. डासच बहुधा विमानानं आला.

असं वाढवलेलं परजीवींचं कल्चर रोज जेवण मागतं. ओ गटाच्या ताज्या तांबड्या पेशी, रोज नवं माध्यम, सदतीस अंश. रविवार नाही, सण नाही. मोजणीसाठी सगळे परजीवी एकाच वयाचे लागतात, म्हणून त्यांना सॉर्बिटॉलमध्ये घालतात. त्यात वाढलेले परजीवी फुटून जातात आणि कोवळे तेवढे वाचतात. सिरमही जसंच्या तसं चालत नाही. त्यात हिवतापाची गोळी शिल्लक असेल तर परजीवी गोळीनं मरतील आणि श्रेय अँटीबॉडीला जाईल. क्लोरोक्विन तर शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं. जत्रेत सगळ्यांना गोळ्या विचारल्या त्या यासाठी. उपाय म्हणजे सिरममधून फक्त आयजीजी वेगळं काढायचं आणि डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, बाकीचं धुऊन टाकायचं. मग चाळीसेक तास परजीवी आणि आयजीजी एकत्र, आणि शेवटी परजीवीचं एक एन्झाइम मोजून किती वाढ रोखली ते काढायचं.

अण्णांच्या गडद खळग्यानं जेमतेम अडवलं. एलायझात मध्यम दिसलेल्या एका काकूंच्या आयजीजीनं त्यांच्यापेक्षा जास्त अडवलं. ताईंना यात नवल वाटलं नाही. काही अँटीबॉडी एकट्या काही करत नाहीत, पांढऱ्या पेशींना सोबत घेऊन करतात, आणि आमच्या प्लेटमध्ये पांढऱ्या पेशी नव्हत्याच. त्यांच्यासह करायची तपासणी वेगळी, आणखी किचकट. मूठभर नमुन्यांवरून यातलं काहीही ठामपणे सांगता येत नाही, आणि प्रबंधातही मी तसंच लिहिलं.

गावी गेले की विचारणा सुरू. "माझं किती आलं?" हा आकडा आहे, मार्क नव्हेत, हे सांगून दमले. वैयक्तिक निकाल द्यायचे नाहीत हे संमतीपत्रात होतं, आणि आधी मला तो कागदी नियम वाटायचा. आता वाटत नाही. अण्णांना 'भरपूर' असं सांगितलं असतं तर त्यांनी मच्छरदाणी बाहेरच्या वाशाला कायमची बांधून ठेवली असती. काकूंना 'मध्यम' सांगितलं असतं तर त्या घाबरल्या असत्या. आणि दोन्ही उत्तरं निराधार. त्यामुळं ज्यानं विचारलं त्याला ते एक वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. समितीतल्या बाईंना हे आधीच ठाऊक असणार.

काहींनी पुण्याच्या लशीबद्दल विचारलं, वर्तमानपत्रात वाचलेलं. आर२१ ही लस सीरम इन्स्टिट्यूट बनवते आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली, हे खरं. पण ती आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी दिली जाते. ती परजीवीला यकृतात पोचण्याआधी गाठते, त्यामुळं तिच्या अँटीबॉडी आमच्या प्लेटवर दिसल्याही नसत्या.

एका वहिनींचा प्रश्न मात्र खरा अडचणीचा होता. पोरगी रायगड्याला जन्मली, मग दोन वर्षं आजीजवळ गावी राहिली, आता शाळेसाठी परत न्यायची. "तिला तिकडची सवय हाय का न्हाई?" मी म्हटलं, नाहीच धरून चाला. एवढ्या लहान वयात कमावलेलं असं काही टिकत नाही. रोज मच्छरदाणी, आणि ताप आला तर दुकानात न जाता त्याच दिवशी आशाताईकडं बोटाची तपासणी. गोळ्या दिल्या तर शेवटच्या गोळीपर्यंत. वहिनींनी फोनवर हे रेकॉर्ड करून घेतलं, नवऱ्याला ऐकवायला.

उरलेलं सिरम अजून फ्रीजरमध्ये आहे. 'पुढील संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही' या चौकटीत ज्यांनी खूण केली नव्हती त्यांच्या नळ्या ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, नोंदवहीत सही करून टाकून दिल्या. अण्णांनी खूण केली होती, आणि पुढच्या जत्रेला पुन्हा रक्त देणार म्हणून सांगून ठेवलंय. खाऱ्याच्या आधी, एवढी अट मी घातलीय.